उठलेलीला हाक मारायची नाही

हे पूर्ण असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, दर मंगळवारी जिच्यापुढं हात जोडते त्या देवीलाही नाही — तिला ठाऊक असेल तर असेल, माझ्या तोंडून गेलेलं नाही. मध्यंतरी वस्तीतल्या बायकांच्या देखत त्यातलं अर्धं बाहेर पडलं. उरलेलं अर्धं अजून माझ्याकडंच आहे. ते आज काढते.

आधी एक ठरवून घेऊ. मला दया नको. माफी तर मी मागतच नाही — ज्यांनी द्यायची ती माणसं तुम्ही नाही. तुम्ही फक्त ऐका, आणि मध्येच 'जाऊ द्या हो, तुमची काय चूक' असं म्हणू नका. ते वाक्य मी निम्मं आयुष्य ऐकलंय. फुकट मिळत होतं, म्हणून घेत राहिले.

मी मालन. सोलापुरात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर माझं नाव आहे, नवऱ्याचं नाही. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं मी डोक्यावर टोपलं घेऊन गल्लोगल्ली फिरले — जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. बोहारीण. आजही एखादी जुनी गिऱ्हाईक दुकानात येते आणि सोबतच्या सुनेला हसून सांगते, "ही आपली भांडीवाली बरं का, दारात यायची." मीही हसते, आणि तिला एक रुपया सोडत नाही. राग आहे माझ्यात. का नसावा? एका विटक्या पॅंटसाठी उन्हात तासभर घासाघीस करणाऱ्या बायका या, आणि पाणी मागितलं तर तांब्या वरून ओतायच्या.

तो धंदा मी एकटीनं केला नाही. कमल होती.

आमची कामं वाटलेली. मी बसायची, ती उठायची. म्हणजे कसं — बाईनं दोन साड्या पुढं टाकल्या आणि पातेलं मागितलं, की मी म्हणायची, एक शर्ट अजून टाका. बाई नाही म्हणायची. मी हटायची नाही. मग कमल उठायची. टोपलं डोक्यावर घ्यायची, पदराचं टोक डोळ्याला लावायची — आणि पाणी आणायची हो डोळ्यांत, खरं पाणी — आणि "चल गं मालन, गरिबाला समदीच लुबाडत्यात" म्हणत कोपऱ्याकडं चालू लागायची. मी जागची हलायची नाही. आणि हाक मारायची नाही. हा आमचा कायदा होता. उठलेलीला आपण हाक मारायची नाही, गिऱ्हाइकानं मारायची. आपणच मारली की कळलं त्यांना, गरज कुणाला आहे ते. भाव पडलाच.

बहुतेक वेळा कमल कोपऱ्यावर पोचायच्या आत बाई ओरडायची, "अगं ये, ये, घे तो शर्ट!" संध्याकाळी आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसायचो. कमल म्हणायची, "माझं डोळं म्हंजी म्युनिसिपालटीचा नळ न्हाय. कवाबी पाणी येतंय."

अशी होती. आणि एके दिवशी तिनं आपलं आयुष्य संपवलं. कसं, ते सांगणार नाही. त्यातून कुणाचं भलं होत नाही. तिची मुलगी दीपा तेव्हा दुसरीत होती.

लोक आले, पोलीस आले. सगळ्यांनी मलाच विचारलं, कारण त्या दिवशीही दुपारपर्यंत ती माझ्याबरोबर होती. मी सांगितलं — काहीच बोलली नाही. रोजच्यासारखी होती. हसत होती. मग कुणीतरी विचारलं, घरात काही चाललं होतं का? आणि मी — खोटं बोलले नाही, तुम्हाला सांगते, तोंडातून शब्द काढला नाही. फक्त तिच्या नवऱ्याकडं बघितलं. नारायणकडं. तेवढं पुरलं.

नारायण यंत्रमागावर कामाला होता. न पिणारा, न मारणारा, घरात असला काय नि नसला काय, असा माणूस. गल्लीनं ठरवून टाकलं — यानंच छळलं असणार. मुका माणूस, आतल्या गाठीचा. कारखान्यात त्याच्याजवळ डबा उघडायला कुणी बसेना. वर्षाच्या आत तो अक्कलकोटकडं, आपल्या गावी निघून गेला. दीपाला मी ठेवून घेतलं.

काय कौतुक झालं माझं! स्वतःची दोन पोरं असून मैत्रिणीची पोर सांभाळली. देवमाणूस आहे मालन. हळदीकुंकवाला पहिली ओटी माझी. आणि नारायण दर दिवाळीला फ्रॉक घेऊन यायचा, पुढं ड्रेस घेऊन, पुढं नुसती मिठाई घेऊन — दीपा बाहेर यायची नाही. मी दारात जाऊन पिशवी घ्यायची. तो विचारायचा, "बरी हाय का?" मी म्हणायची, "बरी हाय." दार लावून घ्यायची. त्याच्या तोंडाकडं मी कधी नीट बघितलं असेल? नाही आठवत. बघितलंच नसेल.

आता तुम्ही म्हणाल, ही मुद्द्यावर येत नाही. येते. मोठी वस्तू आहे, हळूहळूच उतरवावी लागते.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. म्हणाल्या, कुणाच्या मनात जीव द्यायचं येत असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावं, काय बोलावं, काय बोलू नये, याची एक पुस्तिका करायची आहे. बाहेरच्या देशांत अशा पुस्तिका आहेत, पण जशाच्या तशा इथं चालणार नाहीत. म्हणून इथलीच माणसं बसवून एकेक वाक्य तपासायचं. तुम्ही याल का? मला बरं वाटलं, खोटं का सांगू. मग कळलं, मला बोलावलं ते माझ्या अकलेसाठी नाही, कमलच्या मरणासाठी. असं मरण जवळून बघितलेली बाई म्हणून. तो राग तेव्हापासून आहे.

महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात बसायचो. आमच्यात उर्दू शाळेतले निवृत्त शेख मास्तर होते, बिड्या वळणाऱ्या बायका होत्या, मागवाले होते. वाक्य मोठ्यानं वाचायचं, मग हात वर — ठेवा, बदला, की काढा. आणि वाक्यं वाचायला कोण? दीपा. ती आता नर्सिंग शिकली होती, त्याच दवाखान्यात लागली होती.

मी एकेका वाक्याला भांडले. 'खोलीचं दार लावून निवांत बोला' — हसावं की रडावं? एका खोलीत सहा माणसं राहतात, आणि दार लावलं की अख्ख्या गल्लीचे कान त्या दाराला! ते बदलून घेतलं — हाताला काम ठेवून बोला, शेंगा फोडताना, बिड्या वळताना, पाण्याला जाताना. तोंडाकडं न बघता माणूस जास्त बोलतं. 'आधी घरच्यांना कळवा' — कुठल्या घरच्यांना? ज्यांच्यामुळं ती बाई त्रासली त्यांनाच? ते बदललं — तिलाच विचारा, कुणाला सांगू, आणि तिला एकटी सोडू नका. शेख मास्तर शांतपणे म्हणाले, "गुनाह हय, पाप हय, ये सब बाद में. पहले उसकू बैठाव, पानी देव, सुनो." ते जसंच्या तसं मराठीत गेलं.

एका ठिकाणी डॉक्टरीणबाई हटल्या नाहीत. मी म्हणत होते, थेट विचारू नका, विचारल्यानं डोक्यात भरेल. त्या म्हणाल्या, "मालनताई, विचारल्यानं भरत नाही. विचारल्यावर माणसाला वाटतं, कुणीतरी ओळखलं." बराच वेळ झुंजलो. शेवटी त्यांचं ठेवलं, शब्द माझे — 'जगू वाटंना झालंय का? जीव द्यायचं मनात येतंय का?' असं सरळ विचारा, आणि हो म्हटलं तर डॉक्टरकडं तिच्याबरोबर जा.

हे शब्द मी सुचवले. कुठून आणले असतील? कुणी विचारलं नाही.

आणि मग एका बैठकीत दीपानं वाचलं, 'जीव द्यायचा विचार करणारं माणूस बरेचदा आधी कुणाला तरी बोलून दाखवतं. ते नाटक समजू नका.'

माझा हात वर गेला. काढा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले — आणि आवाज जराही हलला नाही, इतका चांगला सौदा मी आयुष्यात केला नाही — म्हणाले, "आमची कमल एक शब्द बोलली नव्हती. ही ओळ छापली तर मागं राहिलेल्या प्रत्येकाला वाटणार, आपल्याला सांगितलं असंल आन् आपण ऐकलं न्हाय. जिवंत माणसं मारताय व्हय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण ताई, हे फार महत्त्वाचं आहे. मी म्हणाले, महत्त्वाचं तुमच्या कागदावर. ज्याच्या घरातून मयत गेली त्याला विचारा. आणि मग दीपानं कागद खाली ठेवला, आणि माझ्यासारखाच हात वर केला. "माझी आई खरंच काही बोलली नव्हती," ती म्हणाली. तिच्यापुढं कोण बोलणार? ओळ गेली.

आईविना वाढलेल्या पोरीचा हात मी माझ्या खोट्यासाठी वर करून घेतला. हे ऐकून तुम्हाला जे वाटतंय ते वाटू द्या. मला त्या रात्री छान झोप लागली.

आता ती दुपार.

कडुनिंबाखाली बसून आम्ही भाकरी आणि शेंगांची चटणी खात होतो. कमल खात नव्हती. म्हणाली, "चार दिस मी आन् दीपा तुझ्याकडं येऊ का गं?" मी विचारलं, का? नुकत्याच दोन खोल्या झाल्या होत्या माझ्या, नवरा आधीच कुरकुरत होता. ती म्हणाली, "घरात भिंती अंगावर येत्यात. रातचा डोळा लागत न्हाय. मला जगू वाटंना झालंय, मालन." आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं.

आणि मला काय दिसलं? पदर. शंभर दारांत बघितलेला तोच पदर, तेच पाणी. मला वाटलं, ही माझ्यावर उठते आहे. मला गिऱ्हाईक करते आहे. माझ्या दोन खोल्यांसाठी! डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "ते पदराचं नाटक मला नको दावूस. गिऱ्हाईक हाय व्हय मी?"

हे ते वाक्य. हे मी बायकांपुढंही बोलले नाही. नाटक. दीपानं वर्गात तोच शब्द वाचला तेव्हा मला वाटलं, कमलनंच कुणाकडून तरी लिहवून घेतलाय.

तिनं पदर सोडला. मग उठली. म्हणाली, "मला कायबी झालं तर दीपाला तू बघ." मी म्हणाले, "जा की. कोन अडवतंय तुला?"

गेली. पण टोपलं घेतलं नाही. हे तुम्हाला कळायचं नाही, मला कळलं होतं. आमच्या सोंगात टोपलं डोक्यावर असल्याशिवाय कमल कधी उठली नव्हती — टोपलं असलं म्हणजे ती परत येणार, सौदा चालू आहे. त्या दिवशी टोपलं माझ्याजवळ राहिलं. मी ते बघितलं. कोपऱ्यावर ती थांबली, वळली, माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी भाकरीचा घास मोडला. हाक मारली नाही. हाक मारली तर भाव पडतो ना.

डॉक्टरीणबाई पुढं मला म्हणाल्या, एका वाक्यानं माणूस जात नाही मालनताई, तिला आजार होता, झोप नव्हती, भूक नव्हती, उपचार मिळायला हवे होते. असेल. मी नाकारत नाही. हाकेनं ती थांबली असती का? मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण हाक माझ्याजवळ होती आणि मी ती दिली नाही. मग खोटं बोलून तिच्या नवऱ्याला गावाबाहेर काढलं, तिच्या पोरीला बापाविना वाढवलं, आणि वर देवमाणूस म्हणवून घेतलं. ज्या पोरीला सांभाळल्याबद्दल ओटी भरून घेतली, ती पोर कमलनं त्या झाडाखाली माझ्या पदरात टाकली होती. उपकार कसले?

पुस्तिकेची कच्ची प्रत निघाली. मागच्या पानावर आभार — डॉक्टरांची नावं पदव्यांसकट, आणि आम्ही सगळे मिळून 'स्थानिक महिला व नागरिक'. त्यावरूनही मी भांडले, आणि अजून भांडणार आहे. माझे शब्द आहेत आत. नाव घाला.

ती प्रत विणकरांच्या वस्तीत, समाजमंदिरात वाचून दाखवायची होती. दुपारी बायका सुपात तंबाखू आणि पानं घेऊनच आल्या. दीपा वाचत होती, त्या बिड्या वळत होत्या. वाचून झाल्यावर मागून नरसम्मा बोलली. तिला मी ओळखत होते, तेलुगू घरातली म्हातारी, माझ्याकडून परात घेऊन गेलेली. म्हणाली, "आमची सून रोज म्हणतंय, जीव नको झालंय. भाकरी थापताना म्हणतंय, पाणी भरताना म्हणतंय. एवढं बोलणारं कुठं काय करतंय व्हय?"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "लई नाटकी हाय तुझी सून, नरसम्मा!"

दीपानं पुस्तिकेची पानं उलटली. मी तिला बघत होते. पुढं उलटली, मागं उलटली. ती उत्तर शोधत होती, आणि उत्तर तिथं नव्हतं, कारण मी ते काढलं होतं. "तसं… सांगता येत नाही," ती म्हणाली. "माझ्या आईनं तर काहीच —"

"करतंय," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बोलणारं करतंय, नरसम्मा. त्या बिड्या ठेव खाली. घरी जा आदी. सुनंजवळ बस, तिला विचार, एकटी सोडू नकोस. डॉक्टरीणबाई येतील तुझ्याबरोबर." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "कमल बोलली होती. मला बोलली होती."

हसू थांबलं. नरसम्मा उठली, तंबाखू सांडली तरी बघितलं नाही, डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊनच तिच्यामागं गेल्या. ती सून आता दवाखान्यात जाते, गोळ्या घेते. बरी आहे म्हणतात. ती ओळ पुस्तिकेत परत आली आहे, जशी होती तशी.

दीपा तिथंच उभी होती. पुस्तिका मिटून, छातीशी धरून. तिनं विचारलं, "मग तू काय म्हणालीस तिला, मावशी?"

टाळता आलं असतं. मला टाळता येतं, तुम्ही बघितलंयत. मी म्हणाले, "जा म्हणाले."

"आन् बाबा?"

"त्यानं कायबी केलं नव्हतं."

तिनं पुस्तिका सतरंजीवर ठेवली. पर्स घेतली नाही, पाण्याची बाटली घेतली नाही. सगळं तिथंच टाकून दाराकडं चालू लागली.

मी ओळखलं ते चालणं.

गुडघे दुखतात माझे, पण उठले. चपला न घालता बाहेर आले, तापलेल्या रस्त्यावर. ती कोपऱ्याजवळ पोचली होती. मी हाक मारली. "दीपे!" ती थांबली नाही. अजून मोठ्यानं मारली. मागांची खटखट चालू होती, तिच्यावरून जाईल इतक्या मोठ्यानं. बायका बिड्या टाकून दारात आल्या, वरच्या खिडक्या उघडल्या, चहाच्या टपरीवरचे बाप्ये वळून बघायला लागले. मी तिच्या मागं अनवाणी पळत होते आणि हाका मारत होते.

ती रिक्षात बसली. बसस्टँडला म्हणाली, एवढं ऐकू आलं. अक्कलकोटची गाडी तिथूनच सुटते. आता तिकडं असते ती, सुट्टीच्या दिवशी, बापाकडं. माझ्याकडं येत नाही. मी रोज फोन लावते. ती उचलत नाही. मी परत लावते.

अख्ख्या वस्तीनं बघितलं त्या दिवशी, मालन भांडीवाली रस्त्यात उभी राहून ओरडतेय, आणि जी उठली ती वळतसुद्धा नाही. सगळीकडं भाव पडला माझा.

पडू दे.